झोन तीन

लाल, काळी, हिरवी, पिवळी.
बिनतारी यंत्रालाही चार तारा लागतातच,
हे वाचून मला बरं वाटलं.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो,
विक्रोळी ते भांडुप, जमिनीखालच्या जोड्या
अंधारात बोटांनी ओळखायचो.
आता हा पांढरा डबा, दोन मिश्या उभारलेला,
म्हणे हवेतून ऐकतो.

मार्चमध्ये तळमजल्यावर घरफोडी झाली, म्हणून प्रणोतीनं पाठवला.
आमच्याकडून काय नेणार? सिलिंडर?

आधी वीज काढा, पुस्तिका म्हणते.
मेन पाडला, बॅटरीचंही टोक सोडवलं.
पंखा थांबला तशी शालन आतून ओरडली.
मग जागेचा घोळ:
लोखंडी कपाटापासून लांब, मीटरपासून लांब, पुरुषभर उंच.
कन्नमवार नगरच्या या खोल्यांत
काय कशापासून लांब असतं?
शेवटी देव्हाऱ्याच्या वर, कॅलेंडरच्या खिळ्याशेजारी.
देवाच्या डोक्यावर? शालन म्हणाली.
म्हटलं, दोघांचं काम ऐकायचंच आहे.

मग 'शिकणे' नावाची अवस्था.
हिरवा दिवा लुकलुकतो आणि डबा वाट बघतो.
जो पहिला बोलेल तो घरचा.
पुढचं दार उघडलं. बीप. झोन एक.
गॅलरीची खिडकी. बीप. झोन दोन.
स्वयंपाकघरातला सेन्सर अजून माझ्या हातात,
झाकण नखानं निघेना, स्क्रूड्रायव्हर शोधतोय,
तेवढ्यात बीप.
झोन तीन, उघडं.

कोणाचं?
सिग्नल दहापैकी चार, म्हणजे मधे दोनतीन भिंती.
मागची बिल्डिंग असेल, नाहीतर नवा टॉवर.
मिनिटभरानं: झोन तीन, बंद.

अप्पा, तो नंबर डिलीट करा, प्रणोती फोनवर म्हणाली,
दोन बटणांचं काम आहे.
करतो म्हटलं.

आमच्या वेळी याला क्रॉस कनेक्शन म्हणत.
खड्ड्यात उकिडवं बसून जोडी तपासताना
कानात मधेच कोणीतरी सांगायचं,
तांदूळ संपलेत,
किंवा, बाबा गेले.
खात्याचा नियम होता, ऐकू आलं तरी ऐकायचं नाही.
क्लिप काढायची, पुढची जोडी.
मी पाळला तो. बहुतेक वेळा.

स्वयंपाकघर झोन चार केलं.

झोन तीन रात्री पावणेतीनला उघडतो.
मंगळवारी नाही.
एका शनिवारी दोनदा उघडला, मधे फक्त सहा मिनिटं,
त्यावर आम्ही दोघं आठवडाभर बोललो,
विमानतळावरची ड्यूटी, की हॉस्पिटल, की भांडण.
शालन आधी म्हणायची, लोकांच्या दारात कान कशाला?
आता कूस बदलून विचारते,
आलं का?
आलं.
मग तिला झोप लागते.

काल पॅनेलवर नवी ओळ:
झोन तीन, बॅटरी कमी.

त्यांच्याही भिंतीवर ही ओळ उमटली असेल.
की त्यांचा पॅनेल बंदच आहे, पहिल्या महिन्यानंतर
कोणी न बघितलेला,
आणि त्या दाराचं बोलणं सध्या फक्त आमच्याकडे पोचतंय?

सोसायटीच्या फळ्यावर काय लिहू?
पावणेतीनला घरी येणाऱ्यांनी सेल बदलावा?
रामसजीवन वॉचमन हसेल.
आणि ज्याचं त्याला कळेल,
तो उद्यापासून स्वतःचं दार चोरासारखं उघडेल.

आज स्टेशनसमोरून सेल आणला,
तीन व्होल्टचा, जाडा, एकशेदहा रुपये.
कोणाला देणार ते ठाऊक नाही. निरांजनाशेजारी ठेवलाय.

डिलीटच्या पानापर्यंत जाऊन आलो.
'खात्री आहे?' असं विचारतं ते.
मागे आलो.

तीन वाजून दहा मिनिटं.
आज बुधवार.
शालन जागी आहे, विचारत नाही.